स्वस्तात मिळणारी महागडी मोटार

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बोटीवर नोकरी करणारा हा मुलगा आपली फेरी संपवून नुकताच घरी आला होता. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एका मोटारीचे छायाचित्र माझ्यापुढे धरले. काळीभोर, उंच, रुंद छातीची, आत चामड्याच्या बैठका असलेली परदेशी बनावटीची एस.यू.व्ही. नवी असताना तिची किंमत ऐंशी लाखांच्या घरात होती. आता नऊ वर्षांनंतर ती सतरा लाखांना मिळत होती. "सर, घेऊ का?" त्याने विचारले. त्याच्याजवळ शिल्लक होती अठरा लाखांची. आईच्या कौलारू घराचे छप्पर उतरवून पुन्हा घालायचे होते, आणि धाकटी बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. म्हणूनच बहुधा त्याने घरी विचारण्याआधी मला विचारले.

मी काही मोटारींतला जाणकार नव्हे. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि एक लहानशी मोटार गेली अकरा वर्षे सांभाळून आहे, इतकाच माझा अधिकार. परंतु त्याचा प्रश्न मला टाळता आला नाही. पुढचे दोन आठवडे मी गॅरेजवाल्यांकडे बसून, कागदपत्रे वाचून आणि थोडासा हिशेब मांडून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. असा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. पूर्वी अशी वाहने संस्थानिकांच्या आणि कारखानदारांच्या दारी दिसत. आता ती वापरलेल्या मोटारींच्या बाजारात मध्यम मिळकतीच्या माणसाच्या आटोक्यात आल्यासारखी दिसतात. 'दिसतात' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

प्रथम हे पाहू, की ऐंशी लाखांची वस्तू सतरा लाखांवर येतेच कशी? विम्याच्या कोष्टकावरून याची थोडी कल्पना येते. आपल्याकडे मोटारीच्या विम्यासाठी तिची किंमत दरवर्षी ठराविक प्रमाणात कमी धरली जाते. पहिल्या सहा महिन्यांत शेकडा ५, वर्ष पुरे होईतो १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे. हे कोष्टक सर्व मोटारींना सारखेच लागू आहे. पण बाजार सर्वांना सारखे वागवीत नाही. टोयोटाची फॉर्च्युनर २००९ साली आपल्याकडे आली. तिची दहा वर्षांची जुनी गाडीदेखील लोक हौसेने आणि चांगल्या भावाने विकत घेतात. त्याच वयाची, नवी असताना तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीची युरोपीय एस.यू.व्ही. मात्र तिच्याच शेजारी तेवढ्याच किंवा त्याहून कमी भावात उभी असते. बाजार पुष्कळदा मूर्ख असतो, हे खरे. तथापि शेकडो खरेदीदार मिळून जेव्हा एकाच वस्तूला कमी भाव देतात, तेव्हा त्यांना काहीतरी ठाऊक असते असे धरून चालावे. किंमत उतरली ती गाडी कुरूप झाली म्हणून नव्हे. पुढे येणारा खर्च बाजाराने आधीच वजा करून ठेवलेला असतो.

येथेच साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. सतरा लाखांना घेतलेल्या मोटारीला लागणारा पंप, टायर, दिवा किंवा संगणकाची पेटी ऐंशी लाखांच्या मोटारीचीच असते आणि त्याच भावाने मिळते. किंबहुना वर्षे लोटतात तशी ती थोडी महागच होते. मोठ्या चाकांच्या चार टायरांचा संच बदलायला लाखभर रुपये सहज लागतात. त्याच रकमेत माझ्या लहान मोटारीची चार-पाच वर्षांची सारी देखभाल निघते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की येथे मसाल्याचा खर्च कोंबडी घरी आणल्यावर, एकेक महिन्याच्या अंतराने, कळत जातो.

काही लोक यावर म्हणतात, की ही वाहने तर रानावनात, डोंगरदऱ्यांत, वाळवंटात चालण्यासाठी घडवलेली. ती कशी बिघडतील? हा समज कोठून आला ते पाहण्यासारखे आहे. १९४८ साली अॅम्स्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनात इंग्लंडमधील रोव्हर कंपनीने लँड रोव्हर प्रथम मांडली. ती शेतकऱ्याची गाडी होती. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. तिच्यात काच वरखाली करणारी मोटार नव्हती, वातानुकूलन नव्हते, संगणक तर नव्हताच. बिघडली तर हातोडी, पाना आणि थोडी अक्कल यांवर ती पुन्हा चालू होई. तिच्या मजबुतीची कीर्ती जगभर पसरली ती रास्तच होती. पुढे १९७० साली त्याच घराण्यात रेंज रोव्हर जन्माला आली, आणि तेथून हळूहळू शेतातली गाडी दिवाणखान्यात आली. १९९२ पासून तिच्यात पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर तोलणारी रचना मिळू लागली. कंपनीची मालकी फिरत राहिली. १९९४ मध्ये ती जर्मन बी.एम.डब्ल्यू.कडे गेली, २००० मध्ये अमेरिकन फोर्डकडे, आणि २००८ साली आपल्या टाटांनी जॅग्वारसह ती विकत घेतली. नाव तेच, बोधचिन्ह तेच. आतले यंत्र मात्र पार बदललेले. लोक १९४८ च्या गाडीची कीर्ती मनात धरून आजची गाडी विकत घेतात, आणि नंतर म्हणतात की आपण फसलो.

विश्वासार्हतेविषयी आकडेही उपलब्ध आहेत, परंतु ते जपून वाचायला हवेत. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या मोटारींच्या मालकांना प्रश्न विचारून दर शंभर मोटारींमागे किती तक्रारी आल्या ते प्रसिद्ध करते. २०२१ च्या पाहणीत लेक्ससच्या शंभर मोटारींमागे ८१ तक्रारी होत्या, सर्व कंपन्यांची सरासरी १२१ होती, आणि लँड रोव्हर २४४ तक्रारींसह शेवटच्या क्रमांकावर होती. आदल्या वर्षीही ती शेवटचीच होती. वाचून छाती दडपते. परंतु या मोजणीत फोनशी जोडणी न होणारा पडदा ही एक तक्रार आणि मोडलेले इंजिन हीही एकच तक्रार. शिवाय त्या मोटारी तीन वर्षांच्या, आणि त्यांचे रस्ते अमेरिकेतले. या आकड्यावरून एवढेच म्हणता येईल, की अशा गाडीत काही ना काही बिघडण्याचा संभव सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. काय बिघडेल आणि त्याला किती खर्च येईल, हे आकडा सांगत नाही. ते सांगू शकते ती समोर उभी असलेली गाडीच.

म्हणून आता गाडीकडे वळू. सारेच भाग येथे सांगत बसणे शक्य नाही. पण दोन-तीन गोष्टी अशा आहेत, की त्यांचे कार्य एकदा समजले म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येतो.

हवेच्या स्प्रिंगचेच पाहा. साध्या मोटारीत प्रत्येक चाकापाशी पोलादाची गुंडाळी असते; ती पंधरा-वीस वर्षे तक्रारीवाचून काम करते. महागड्या एस.यू.व्ही.त तिच्या जागी रबराची जाड पिशवी असते. एक लहान कंप्रेसर तिच्यात हवा भरतो आणि झडपांचा एक ठोकळा कोणत्या चाकाला किती हवा द्यायची ते ठरवतो. त्यामुळे गाडी मखमलीवरून चालल्यासारखी चालते, वाटल्यास उंच होते, वाटल्यास खाली बसते. सुख आहे, यात शंका नाही. पण रबर म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखे वयाने चिरत जाते. पिशवीला केसाएवढी चीर पडली, की रात्रभरात त्या कोपऱ्यातील हवा निसटते. सकाळी मालक गाडी चालू करतो, कंप्रेसर हवा भरतो, गाडी उठून उभी राहते आणि मालक ते विसरूनही जातो. परंतु तो कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेला असतो, सतत चालण्यासाठी नव्हे. गळतीमुळे तो पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि एके दिवशी जळतो. मग घाईतला मालक नवा कंप्रेसर बसवतो, पिशवी जुनीच ठेवतो, आणि काही महिन्यांत नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. मूळ दोष लहान, त्याचा परिणाम मोठा, आणि दुरुस्ती चुकीच्या जागी. जुन्या महागड्या मोटारींची बहुतेक दुखणी अशीच वाढतात.

याची परीक्षा मात्र फुकट आहे. गाडी रात्री सपाट जागेवर उभी करावी, चारही चाकांवरच्या कमानीची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी, आणि सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी पुन्हा मोजावी. विकणारा रात्रभर गाडी ठेवू देत नसेल तर भल्या पहाटे, त्याने गाडी चालू करण्याआधी, जाऊन पाहावे. आपण सांगून गेलो आणि बॉनेटला हात लावल्यावर ते ऊन लागले, तर समजावे की आपल्या येण्याआधी काहीतरी झाकण्याचा उद्योग झाला आहे.

दुसरी गोष्ट डिझेल इंजिनाच्या श्वासाची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत, आणि कित्येक परदेशी मोटारींत त्याआधीही, धुरातील काजळी अडवणारी एक गाळणी बसवलेली असते. ती भरली म्हणजे गाडीचा संगणक ती काजळी आतल्या आत जाळून टाकतो. त्यासाठी गाळणीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते, आणि ते जाण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावावी लागते. आता कल्पना करा, की एखाद्या श्रीमंत गृहस्थाने ही गाडी घर ते क्लब आणि क्लब ते घर एवढीच चालवली. काजळी जळण्याचे काम दरवेळी अर्ध्यावर राहते. काही रचनांत गाळणी तापवण्यासाठी सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे डिझेल सोडले जाते. ते पुरते न जळता इंजिनाच्या तेलात उतरते आणि तेल पातळ होते. पातळ तेल टर्बोच्या बेअरिंगला आणि टायमिंगच्या साखळीला पुरेसे वंगण देत नाही. ती साखळी ढिली पडली आणि तिचा मेळ चुकला, तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. क्लबच्या फेऱ्यांपासून मोडलेल्या इंजिनापर्यंतची ही साखळी आहे. म्हणूनच 'गाडी फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे' या वाक्याने हुरळून जाऊ नये. नऊ वर्षांत चाळीस हजार म्हणजे ती पुरेशी चाललीच नाही. मुंबई-बंगळूर रस्त्यावर लाखभर किलोमीटर धावलेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी मी अधिक निरोगी समजेन. शिवाय किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे आज लॅपटॉपच्या साहाय्याने सहज जमते. फक्त काही गाड्यांत तोच आकडा गिअरबॉक्सच्या संगणकात आणि किल्लीतही नोंदलेला असतो, आणि तेथे हात फिरवायचे चोर विसरतात.

गिअरबॉक्सचे नाव निघाले म्हणून एक सांगतो. या वर्गातील अनेक मोटारींत जर्मनीच्या झेड.एफ. कंपनीचा आठ गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. मोटार बनवणारे पुष्कळदा सांगतात की त्याचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही. गिअरबॉक्स बनवणारे मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरांच्या दरम्यान बदला म्हणतात. या दोघांत कोणाचे ऐकावे? ज्याला दहाव्या वर्षी ती गाडी चालवायची आहे, त्याने दुसऱ्याचे ऐकावे. 'आयुष्यभर' याचा अर्थ कोणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता विजेची व्यवस्था. अशा मोटारीत लहानमोठे कित्येक संगणक असतात आणि ते एकमेकांशी सतत बोलत असतात. बॅटरी अशक्त झाली तरी ते भांबावतात आणि तक्त्यावर दिव्यांची दिवाळी दिसू लागते. म्हणजे प्रत्येक दिवा मोठ्या खर्चाचा असतोच असे नाही. उलट एकही दिवा नसणे म्हणजे आरोग्याचे प्रमाणपत्रही नव्हे, कारण दोषांची नोंद यंत्र लावून क्षणात पुसता येते. पण पुसल्याचीही खूण राहते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तपासणीचे यंत्र लावले, की पुष्कळ गाड्या 'नोंद पुसल्यापासून इतके किलोमीटर' हा आकडा दाखवतात. विकणाऱ्याने विक्रीच्या आदल्या दिवशी नोंद पुसली असेल, तर तो आकडा त्याचे बिंग फोडतो.

पुरात बुडालेल्या मोटारींविषयी थोडक्यात. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद येथे महापूर आले. अशा वेळी बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून दूरच्या गावी विकल्या जातात. सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढून त्याच्या शेवटच्या हातभर भागावर गाळाची रेषा आहे का ते पाहावे, सीटखालचे लोखंड आणि तारांचे जोड गंजले आहेत का ते पाहावे, आणि गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्यावा. सुगंधाच्या चार बाटल्या टांगलेली गाडी मला तरी संशयास्पद वाटते.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो फार महाग पडतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी आणली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय पुढे चालवला. २०२५ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीत काही सवलत दिली. या बंदीच्या धाकाने तिकडच्या मालकांनी डिझेल मोटारी मिळेल त्या भावाने विकल्या, आणि त्या ना-हरकत दाखल्यासह दक्षिणेकडे येत राहिल्या. माझ्या विद्यार्थ्याने पाहिलेली गाडीही तिकडचीच. अशी गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील रस्ताकर भरावा लागतो. हा कर आपण मोजलेल्या सतरा लाखांवर आकारला जात नाही. सामान्यतः तो गाडीच्या नव्या किमतीला धरून, वयानुसार सूट देऊन काढतात. ही रक्कम काही लाखांत जाऊ शकते. जाहिरातीत ती कधीच लिहिलेली नसते. आर.टी.ओ.मध्ये जाऊन, गाडीचा क्रमांक दाखवून, ती आधी विचारून घ्यावी. त्याच वेळी गाडीवर बँकेचे कर्ज नोंदलेले आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, तेही कळते. मालकी-हस्तांतराचा अर्ज तीस दिवसांत करावा. विकत घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत त्याच्याबरोबर जाते, ती गाडीबरोबर येत नाही. दलालामार्फत व्यवहार असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याजवळ नोंदणी-अधिकाऱ्याचे अधिकृतपत्र असावे लागते. ते पाहायला मागण्यात संकोच नको.

एवढे सारे तपासले, गाडी निर्दोष निघाली, तरी घ्यावी का? येथे मी वर्गात शिकवतो तसा एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, अशा दहा मोटारींपैकी एकीचे इंजिन पुढील दोन वर्षांत मोडणार आहे आणि त्याचा खर्च सहा लाख आहे. सरासरी काढली तर प्रत्येक मालकाच्या वाट्याला साठ हजार येतात, आणि साठ हजार काही जड वाटत नाहीत. पण साठ हजार कोणीच भरत नाही. नऊजण काहीच भरत नाहीत आणि दहावा सहा लाख भरतो. भाड्याने मोटारी देणाऱ्याजवळ पन्नास गाड्या असतात, त्याने सरासरी पाहावी. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे, त्याने आपण दहावे निघालो तर काय होईल ते पाहावे. सहा लाख बाजूला ठेवलेले असतील, तर तो एक दुःखाचा महिना ठरेल. नसतील, तर दारात उभी राहिलेली, न चालणारी, कोणी विकत न घेणारी ती गाडी आणि तिच्यावरचे कर्ज असे दोन्ही उरते. निदान किमतीचा चौथा हिस्सा, आणि झेपल्यास तिसरा, गाडी घेण्यापूर्वीच वेगळ्या खात्यात टाकून ठेवता येत असेल, तरच पुढे जावे, असे माझे मत झाले आहे.

आणखी एक प्रश्न अंतराचा. या मोटारींची अधिकृत सेवाकेंद्रे मोठ्या शहरांतच असतात. चोर्ला घाटात पावसाळ्याच्या रात्री अशी गाडी थांबली, तर दोरी बांधून ओढून नेण्याची सोय नाही. चारही चाके सतत फिरवणारी गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढली तर तिची आतली यंत्रणा तुटू शकते. तिला सपाट फळीच्या गाडीवरच चढवून न्यावे लागते. तिची वाट पाहत घरची माणसे घाटात बसलेली आहेत, हे चित्र नकाशासमोर बसून एकदा मनात आणावे. ज्याच्या घरी दुसरी साधी मोटार आहे, गावात या यंत्रांचा सराव असलेला मेस्त्री आहे, आणि ज्याला यंत्राच्या लहरी सांभाळण्यातच आनंद वाटतो, त्याला मी अडवणार नाही. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर तशी गाडी पाच वर्षे बाळगून आहेत. ते तिच्यावरचा खर्च संगीताच्या छंदावरच्या खर्चासारखा मांडतात, आणि समाधानी आहेत. हौसेला हिशेब लावू नये हे मला मान्य आहे. पण मग ती हौस आहे असे स्वतःशी स्पष्ट म्हणावे. 'फायद्याचा सौदा' म्हणू नये.

माझ्या विद्यार्थ्याने माझे सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि तरीही गाडी पाहायला गेला. त्याने जावे असेच मलाही वाटत होते. गाडी कोणत्या कंपनीची होती ते येथे सांगण्याचे कारण नाही. सकाळी सहाला आम्ही दोघे त्या गृहस्थांच्या दारी होतो. चारही कमानी सारख्या उंचीच्या निघाल्या. मला बरे वाटले, आणि त्याचा चेहरा तर उजळला. सीटचा पट्टा स्वच्छ होता. इंजिन पहिल्या फेरीला चालू झाले. खरोखरच देखणी गाडी होती ती. मागच्या बैठकीवर मी दोन मिनिटे बसलो आणि आपण येथे नाही म्हणायला आलो आहोत हे विसरलो. मग गॅरेजवाल्याने यंत्र लावले. नोंद पुसल्यापासून धाव : एकतीस किलोमीटर.

मालक म्हणाले, बॅटरी नुकतीच बदलली, तेव्हा पुसली गेली असेल. असेलही, तसे होऊ शकते. आम्ही सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या. त्या चार दिवसांनी आल्या, आणि त्यांत बासष्ट हजार ते अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटरांच्या दरम्यान एकही कागद नव्हता. छत्तीस हजार किलोमीटर ती गाडी कोणी, कोठे, कोणत्या तेलावर चालवली, याला उत्तर नव्हते. विद्यार्थी म्हणाला, "सर, किंमत दोन लाखांनी उतरवतो म्हणतायत." मी म्हणालो, "त्यांना ते दोन लाख कशाचे वाटतात ते विचार." त्याने विचारले नाही, दुसऱ्या दिवशी फोन करून नको म्हणून कळवले.

पावसाळ्यापूर्वी छपराचे काम उरकले. बोटीवर परत जाताना तो जरा गप्पच होता. गेल्या महिन्यात कोठल्याशा बंदरातून त्याचा निरोप आला, सोबत तीच जाहिरात, नवे छायाचित्र आणि नवी किंमत : साडेतेरा लाख. खाली एकच ओळ होती. "सर, अजून उभी आहे."